तिरकं चित्र, हिरवी पट्टी, तुटके ठिपके: डीएमए बफरच्या अलाइनमेंटमधल्या या चुका टाळा

चित्र उजवीकडे कललंय, दर ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकलेली? लिनक्सच्या व्हिडिओ ड्रायव्हरवर काम करत असाल, तर केबल बदलत बसू नका, आधी स्ट्राइड (एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे बाइट) बघा. डीएमएत हार्डवेअर प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितं; त्या बफरचा पत्ता अलाइन करायचं, म्हणजे ठरावीक आकड्याच्या पटीत ठेवायचं, सगळ्यांच्या लक्षात राहतं. ओळीची लांबी राहून जाते.

समजा १३६६ × ७६८ आणि वाययूवायव्ही (पिक्सेल साठवायची एक पद्धत). पिक्सेलला २ बाइट, म्हणजे ओळ २,७३२ बाइटची. डीएमए इंजिनला दर ओळ ६४ च्या पटीत सुरू करावी लागत असेल, तर पुढची ओळ २,७५२ व्या बाइटला सुरू होते. ड्रायव्हरने ‘बाइट्स पर लाइन’मध्ये २,७३२ कळवले, की ओळीमागे २० बाइट, म्हणजे १० पिक्सेलचा फरक साचत जातो. १९२० रुंदीवर हे दिसणारच नाही, कारण ३,८४० ला ६४ ने पूर्ण भाग जातो. नुसत्या फुल एचडीवर तपासलेल्या ड्रायव्हरवर विसंबू नका.

कललेलं चित्र परवडलं. अख्ख्या फ्रेमचा आकार सांगणारा ‘साइज इमेज’ही २,७३२ धरूनच काढला असेल, तर बफर १५,३६० बाइटने तोकडा पडतो. ४ केबीच्या पानांत वरती गोल केला तरी तीन पानं बाहेर. आयओएमएमयू (हार्डवेअरला नेमून दिलेल्या मेमरीबाहेर जाऊ न देणारा भाग) असेल तर फॉल्ट येतो. नसेल तर भलत्याचीच मेमरी खराब होते आणि कर्नल तिसरीकडेच कोसळतो. दोन्ही आकडे एकाच फंक्शनमध्ये, अलाइन केलेल्या स्ट्राइडवरूनच काढा. अ‍ॅपनेही ‘रुंदी गुणिले दोन’ न करता ड्रायव्हरचा आकडा घ्यावा.

रुंदी-उंची हव्या पटीत बसवणाऱ्या ‘बाउंड अलाइन इमेज’ हेल्परला १६ पिक्सेलच्या पटीसाठी १६ देऊ नका, ४ द्या. तो २ चा घातांक मागतो; १६ दिले की ६५,५३६ ची पट शोधत बसतो.

एनव्ही१२ मध्ये (आधी सगळ्या ओळींचा उजेड, मग रंग, अशी मांडणी) हार्डवेअर १०८० ओळींच्या १०८८ करत असेल आणि अ‍ॅप १०८० धरत असेल, तर वर १६ ओळींची हिरवट पट्टी येते आणि रंग तेवढाच खाली घसरतो.

आता ठिपके. वाययूवायव्हीमध्ये ३२ पिक्सेल लांबीचे आडवे तुकडे, दर फ्रेमला वेगळ्या जागी: ३२ पिक्सेल म्हणजे ६४ बाइट, म्हणजे बहुधा एक कॅशलाइन (कॅश एका वेळी हाताळते तेवढा मेमरीचा तुकडा). कॅश आणि मेमरीचा सिंक राहिलाय, किंवा बफरच्या कडेची कॅशलाइन दुसऱ्या डेटाशी वाटून घेतली गेलीय. यूजर पॉइंटरमध्ये (अ‍ॅप स्वतःचाच बफर देतं तेव्हा) साध्या मॅलॉकचा पत्ता ६४-बिट लिनक्सवर १६ बाइटलाच अलाइन असतो. व्हिडिओबफ २ (लिनक्समधला व्हिडिओ बफर सांभाळणारा भाग) चा सलग-मेमरी अ‍ॅलोकेटर असा पत्ता नाकारू शकतो. स्वतः मॅपिंग लिहिलंत तर अडवणारं कुणी नाही. पॉसिक्स मेमअलाइन वापरा, लांबीही कॅशलाइनच्या पटीत ठेवा. ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये बाकीच्या फील्डशेजारी डीएमए बफर कोंबू नका. स्टॅकवर तर नकोच.

नेमकं काय बिघडलंय ते कळत नसेल, तर क्यूमध्ये टाकण्याआधी बफर 0xAA (हेक्समधला एए) या बाइटने भरा, एक फ्रेम घ्या आणि हेक्स डंप उघडा. पॅडिंग न लिहिणाऱ्या इंजिनवर एए दर २,७५२ बाइटला वीस-वीसच्या तुकड्यांत उरलेले दिसतील, आणि खरा स्ट्राइड तिथेच मोजता येईल.