गच्चीवर मोबाइल टॉवरचा प्रस्ताव आला, तर काय काय तपासावं?

सोसायटीच्या गच्चीवर टॉवर उभारायचा प्रस्ताव आला की सभेत दोन तट पडतात. एकीकडे महिन्याच्या भाड्याचा हिशेब, दुसरीकडे रेडिएशनची धास्ती. या गदारोळात इमारत तो भार पेलेल का, हे विचारायचं राहूनच जातं. प्रस्ताव खरा निघाला, तर माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. इथे प्रत्येक प्रश्नाचं दार वेगळं आहे. लहरींची मर्यादा केंद्राचा दूरसंचार विभाग ठरवतो. बांधकामाची बाजू महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत पाहते. जागा द्यायची की नाही, हे सोसायटीने ठरवायचं. रेडिएशनची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही, ते यामुळेच.

१. प्रस्ताव खरा आहे का?

‘गच्चीवर टॉवर लावा, लाखो रुपये मिळवा’ असे मेसेज पाठवून आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ उकळणाऱ्या टोळ्या आहेत. सोबत ‘ट्राय’च्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नावाचं ना-हरकत पत्रही येतं. ट्राय असं पत्र देत नाही आणि टॉवरची जागा भाड्याने देण्यासाठी ट्राय किंवा दूरसंचार विभाग कोणतंही शुल्क घेत नाही. आगाऊ पैसे मागितले की बोलणं तिथेच थांबवा. परवानाधारक आणि नोंदणीकृत कंपन्यांची यादी दूरसंचार विभागाच्या संकेतस्थळावर असते, तीत नाव पाहा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

२. इमारत पेलेल का?

इथे घाई करू नका. गच्चीवर फक्त खांब आणि अँटेना येत नाहीत. उपकरणांची कपाटं, बॅटऱ्या, कधी जनरेटर, असं बरंच वजन चढतं. वर वाऱ्याचा जोर असतोच. हा भार बीममार्फत कॉलमवर उतरायला हवा, नुसत्या स्लॅबवर नाही. कंपनीकडून आराखडा मागून घ्या आणि टॉवरचा प्रत्येक पाय कुठे टेकतोय ते इमारतीच्या मूळ नकाशावरच्या कॉलमशी जुळवून पाहा. तपासायची दुसरी जागा बोल्टची. स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकले की वॉटरप्रूफिंग फाटतं, आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरच्या घराच्या छताला ओल धरते.

प्रमाणपत्र कंपनीच्या इंजिनीअरचं आलं, तरी सोसायटीने स्वतःचा मान्यताप्राप्त स्ट्रक्चरल इंजिनीअर नेमून ते तपासून घ्यावं. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट. जनरेटर येणार असेल तर त्याला आवाज अडवणारं आवरण हवंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मापदंडानुसार आवरणापासून १ मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो.

३. अँटेनाचं तोंड कुणाकडे?

अँटेनाच्या लहरी मुख्यतः समोर, जवळजवळ आडव्या जातात. त्यामुळे थेट खालच्या घरापेक्षा, समोरच्या बाजूला त्याच उंचीवर खिडकी असलेल्या घराचा विचार आधी करावा लागतो. दूरसंचार विभागाच्या २०१३ च्या सूचनांत हेच अंतर दिलं आहे: सर्वांत खालच्या अँटेनाच्या उंचीची इमारत अगदी समोर असेल, तर एका अँटेनासाठी किमान २० मीटर, दोनसाठी ३५, चारसाठी ४५ आणि सहासाठी ५५ मीटर. गच्चीवर उभे राहून कंपनीच्या माणसाला प्रत्येक अँटेनाची दिशा दाखवायला लावा आणि टेपने मोजा.

भीतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कर्करोगाची शक्यता’ या गटात, म्हणजे २ बी गटात टाकलं. ‘शक्यता’ म्हणजे पुरावा मर्यादित आहे. धोका सिद्ध झालेला नाही. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झ वारंवारितेच्या लहरींसाठी ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट होते. शेजारच्या आजी काळजीने विचारत असतील तर त्यांना उडवून लावू नका, हा आकडा आणि मोजणीची सोय दोन्ही समजावून सांगा.

४. ठराव आणि करार

कार्यकारी समितीने परस्पर सही करू नये. विषय सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत स्पष्ट लिहा, आराखडा सभेआधी सदस्यांना द्या, मग ठराव करा. वरच्या मजल्यावरच्या सभासदांचं म्हणणं इतिवृत्तात वेगळं नोंदवा. गळतीचा त्रास त्यांनाच व्हायचा असतो.

करारात भाड्याच्या रकमेइतकंच हेही पाहा: गळती आणि नुकसानाची दुरुस्ती कोण करणार, विमा कुणाचा, मुदत संपल्यावर लोखंड किती दिवसांत उतरवणार, सोसायटीला मध्येच करार मोडता येतो का. एक कलम तर विसरूच नका. टॉवर कंपन्या एकाच खांबावर पुढे दुसऱ्या मोबाइल कंपन्यांच्या अँटेना लावतात. नवी अँटेना चढवण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी, भाराची नव्याने तपासणी आणि वाढीव भाडं, असं लिहून घ्या.

कराचा भागही करारातच मिटवा. टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ च्या निकालात मान्य केला होता. पुढे दूरसंचार कायदा २०२३ ने दूरसंचार जाळं ज्या मालमत्तेवर आहे तिचा भाग ते धरू नये, मालमत्ता करासाठीही नाही, असं म्हटलं. हा वाद कंपनी आणि पालिकेत रंगो. टॉवरमुळे येणारा प्रत्येक कर आणि दंड कंपनी भरेल, एवढं करारात असू द्या.

५. स्थानिक संस्थेकडे

१ जानेवारी २०२५ पासून देशभर दूरसंचार मार्गाधिकार (राइट ऑफ वे) नियम २०२४, म्हणजे टॉवर उभारण्यासाठी किंवा केबल टाकण्यासाठी जागा वापरण्याचे नियम, लागू आहेत. कंपनीने पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला काय कळवलं, सोबत स्ट्रक्चरल प्रमाणपत्र जोडलं का, याची पोच असलेली प्रत हातात आल्याशिवाय गच्चीची किल्ली देऊ नका.

६. टॉवर सुरू झाल्यावर

केंद्राच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर परिसरातले टॉवर आणि ते मर्यादेत आहेत का, हे घरबसल्या पाहता येतं. शंका असेल तर ४,००० रुपये भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणी करता येते. मोजणीला माणसं आली की त्यांना टॉवरखाली नेऊन थांबू नका. अँटेनाच्या समोरच्या, त्याच उंचीच्या घराच्या खिडकीत आणि बाल्कनीतही मोजायला सांगा, आणि अहवालाची प्रत सोसायटीच्या फाइलला लावा.