फ्लोचार्ट काढताना या चुका टाळा: डबे बरोबर, बाण चुकीचे

प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला फ्लोचार्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या पायऱ्या डबे आणि बाणांनी दाखवणारी आकृती, बहुतेक वेळा उलटा जन्माला येतो. आधी प्रोग्रॅम कसाबसा चालवायचा, मग सबमिशनच्या आदल्या रात्री चौकोन आणि डायमंड (हो-नाहीचा प्रश्न विचारणारे डबे) काढत बसायचं. असा चार्ट काढला काय अन् न काढला काय, सारखंच. तो काढायचा कोड लिहायच्या आधी, पेन्सिलीने, खोडरबर जवळ ठेवून. मार्क आकारांवरून कापले जात असतील, पण प्रोग्रॅम बिघडतो तो बाणांमुळे.

सांगलीचंच उदाहरण घेऊ. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पातळी विचारायची आणि ‘सुरक्षित’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ छापायचं, एवढाच प्रोग्रॅम.

बरेच जण पहिल्या डायमंडमध्ये लिहितात, ‘४० किंवा जास्त?’ हो असेल तर इशारा छापून शेवट, नाही असेल तर पुढचा डायमंड, ‘४५ किंवा जास्त?’ दिसायला सगळं ठीक. पण २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ५७ टाकून बघा, उत्तर ‘इशारा’च येईल. दुसऱ्या डायमंडपर्यंत पोचतात ते फक्त ४० च्या आतले आकडे, म्हणजे ‘धोका’चा डबा कागदावर आहे पण तिथे जायला वाटच नाही. ४५ ची अट आधी घ्या. चार्ट झाला की एकेका डब्यावर बोट ठेवून विचारा, कोणता आकडा टाकला तर मी इथे येईन? आकडा सापडला नाही तर वरचा एखादा बाण चुकलाय.

‘४० पेक्षा जास्त’ लिहिलंत तर बरोबर ४० फुटांना प्रोग्रॅम सुरक्षित म्हणेल. म्हणून तपासायला ३९, ४०, ४४, ४५ आणि ५७ घ्या. डायमंडच्या दोन्ही वाटांवर ‘हो’ आणि ‘नाही’ लिहायला विसरू नका. दोन दिवसांनी आपलं आपल्यालाच कळत नाही.

खरी गंमत लूपमध्ये, म्हणजे त्याच पायऱ्या परत परत करताना. पाच नोंदींची सरासरी काढायची आहे: ३८, ३९, ४०, ४१, ४२. डबे असे: मोजणी = ०, बेरीज = ०, नोंद घ्या, बेरजेत मिळवा, मोजणी एकने वाढवा, मग ‘मोजणी = ५?’ ‘नाही’चा बाण परत ‘नोंद घ्या’कडे जायला हवा. तो चुकून ‘बेरीज = ०’वर गेला तर दर फेरीला बेरीज पुसली जाते, शेवटी ४२ उरतात आणि सरासरी येते ८.४. आणखी एक डबा वर, ‘मोजणी = ०’वर गेला तर प्रोग्रॅम थांबतच नाही. अट ‘मोजणी ५ पेक्षा जास्त?’ अशी लिहिली तर सहावी नोंद मागतो. लक्षण बघितलं की बाण कुठे चुकलाय ते कळतं. तरी ड्राय रन कराच, म्हणजे प्रोग्रॅम कागदावरच चालवून बघा: मोजणी, नोंद, बेरीज असे तीन रकाने आखा आणि प्रत्येक फेरीला आकडे भरा. दुसऱ्याच ओळीत चोर सापडतो.

बाकी चुका किरकोळ. नोंद घेणं आणि छापणं समांतरभुज चौकोनात, आकडेमोड आयतात. डब्यात ‘प्रिंटएफ’सारखे कोडमधले शब्द आणि अर्धविराम भरू नका, साधी मराठी चालते. रेषा एकमेकींना छेदू लागल्या तर छोट्या वर्तुळात ‘अ’ लिहून पुढे तिथूनच सुरू करा.

आणि हो, पातळी सांगतात फूट-इंचात. ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.६ नव्हे, ४०.५. नोंद घेतल्यावर लगेच एक आयत वाढवा: पातळी = फूट + इंच ÷ १२. नाहीतर ४० फूट ११ इंच म्हणून ४०.११ टाकाल आणि कॉम्प्युटर म्हणेल, ४० फूट ६ इंचांपेक्षा पाणी खाली उतरलंय.