श्रीखंडावरची बुरशी आणि १४ आकडी क्रमांक

पाडव्याला श्रीखंडाच्या डब्याचे सील काढले, तर मुदत शिल्लक असूनही कडेला हिरवट बुरशी दिसली. दुकानदार डबा बदलून देत होता, पण त्याच बॅचचे आणखी डबे विक्रीला असल्याने मी ते नाकारले. शेजाऱ्यांनी पोलीस ठाणे सुचवले. तो मार्ग इथला नव्हे. बिल, बॅच क्रमांक आणि वेष्टनावरील १४ आकडी परवाना क्रमांक यांची छायाचित्रे जोडून मी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ऑनलाइन तक्रार सेवेवर तक्रार नोंदवली आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनालाही लेखी कळवले. काही दिवसांनी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी दुकानातले त्याच बॅचचे सीलबंद डबे नमुना म्हणून नेले. पैशांसाठी मात्र १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर स्वतंत्र तक्रार करावी लागली.