वेबसाइटसाठी फोटो देताय? भाव सांगण्याआधी फोटो कोणाचा ते ठरवा

‘एका फोटोचे किती घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो: फोटो आधीच काढून ठेवलेला आहे, की ग्राहकानं सांगितल्यावर काढणार आहात? दोन्हींत नुसता भाव बदलत नाही, मालकच बदलतो.

कास पठारावर तुम्ही आपल्या हौसेनं गेलात, फुलांचा फोटो काढलात आणि वर्षभरानं महाबळेश्वरच्या होमस्टेवाल्यानं तो मागितला. इथं फोटो तुमचा. तुम्ही फक्त वापरायची परवानगी विकताय. त्याच माणसानं पैसे ठरवून खोल्यांचं शूट करायला बोलावलं, तर 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 म्हणतं की वेगळा करार नसेल तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देऊन काम सांगणारा. मग बिलावर ‘वापर 1 वर्ष’ असं कितीही ठळक लिहा, ते दुसऱ्याच्या घराचं भाडं मागण्यासारखं आहे. यात माझे हात पोळलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

मोबदला म्हणजे रोख रक्कमच असं नाही. ‘दोन दिवस राहा, जेवा, बदल्यात फोटो द्या’ हाही मोबदला ठरू शकतो. करार शूटच्या आधी हवा, सहीसकट. व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके सर’वर विसंबू नका, परवाना हक्कमालकानं लेखी द्यावा लागतो, असं कलम 30 सांगतं. शूट होऊन गेलं असेल आणि करार नसेल, तर ग्राहकाकडून हक्क तुमच्या नावावर लेखी करून घ्यावे लागतात, आणि तेव्हा ते फुकट सही करतीलच असं नाही. कोटेशनमध्ये साधं वाक्य पुरतं: ‘या शूटमधील सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला खालील वापराचा परवाना आहे.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख. लग्नाच्या कामातून इकडे आलेले हमखास इथेच चुकतात, कारण तिथं ‘सगळा डेटा पेनड्राइव्हवर द्या’ हीच रीत.

‘खालील वापर’ म्हणजे डोमेनचं (वेबसाइटच्या पत्त्याचं) नाव, कोणतं पान, किती काळ, कोणता प्रदेश. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. एका वर्षाचे पैसे घेऊन 5 वर्षं देऊन बसाल.

आता भाव. आधी स्वतःचा खर्च काढा. समजा कॅमेरा-लेन्स 3 लाखांचे, 4 वर्षं चालतील: वर्षाला 75,000. हार्डडिस्क, सॉफ्टवेअर, विमा 45,000. प्रवास 60,000. घरखर्च 4,80,000. एकूण 6,60,000. वर्षात पैसे देणारे दिवस 80 धरले तर दिवसाला 8,250, आणि दिवसाला 15 कामाचे फोटो निघाले तर एका फोटोमागे 550 रुपये नुसता खर्च. याच्या खाली गेलात तर पदरचे घालताय.

आतल्या पानावर, एका डोमेनवर, 1 वर्षासाठी मूळ भाव 1,500 ठेवला असं धरा. होमपेजच्या बॅनरला दुप्पट: 3,000. तीन वर्षांना मी तिप्पट नाही, अडीचपट लावतो: 7,500. ‘सातारा जिल्ह्यात दुसऱ्या हॉटेलला देऊ नका’ म्हणाले तर पुन्हा दुप्पट: 15,000. जास्त वाटले, तर भाव पाडू नका, वापर कमी करा. मक्तेदारी काढा, मुदत 1 वर्षावर आणा, पुन्हा 3,000. सोशल मीडिया आणि जाहिराती वेगळ्या ओळीत. घासाघीस चालतेच, घाबरू नका. वापर कमी करून दिला की समोरच्याचाही मान राहतो.

‘शटरस्टॉकवर स्वस्त मिळतं’ हे ऐकावं लागेल. तयार फोटो विकणारी ती साइट, तिथं मिळतं. तिथं 2020 पासून छायाचित्रकाराचा वाटा 15 टक्क्यांपासून सुरू होतो, एका डाउनलोडला कधी 10 सेंट. पण त्यांच्या होमस्टेच्या व्हरांड्याचा फोटो तिथं नसतो. आणि ग्रुपवर फिरणारी ‘सीनियर’ मंडळींची रेटकार्डं उचलू नका. त्यांचं घरभाडं तुम्ही भरत नाही, तुमचं ते भरत नाहीत.

परवाना वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावानं कधीच देऊ नका, व्यवसायाच्याच नावानं द्या. नाहीतर तोच फोटो त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या साइटवर दिसेल. फोटोत ओळखू येणारी माणसं असतील तर त्यांची लेखी संमती आधी.

फाइल देताना लांब बाजू 2,560 पिक्सेलच्या वर नको, एसआरजीबी (पडद्यासाठीची रंगपद्धत), जेपेग. वर्डप्रेस त्याहून मोठी फाइल तसंही लहान करतं, आणि पूर्ण आकाराची दिली की ती छापील फ्लेक्सवर जाते. मेटाडेटात (फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत) नाव आणि परवान्याची मुदत भरा, पण त्यावर विसंबू नका, बऱ्याच साइट तो पुसतात.

मुदत संपायच्या 30 दिवस आधीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरात टाकून ठेवा आणि नूतनीकरणाचं कोटेशन तेव्हाच पाठवा. मुदतीनंतरही फोटो दिसला तर आधी तारीख आणि पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट, मग साधा मेल. बहुतेक वेळा ते विसरलेले असतात. मेलसोबत बिल मात्र जोडाच.