ज्वारी-तूर कोठीत भरण्यापूर्वी : भुंगेऱ्यांची ओळख आणि बंदोबस्त

सोलापूर जिल्ह्यात मालदांडी ज्वारीची मळणी उरकून तूर आणि हरभराही घरात आला आहे. मृगापूर्वीचे हे कडक ऊन साठवणुकीच्या तयारीसाठी वापरून घ्यावे, कारण पावसाळी दमट हवेत किडीची पैदास झपाट्याने वाढते.

ज्वारीत लांब सोंडेचा तपकिरी पोरकिडा दिसला, तर दाणे आतून पोखरले गेले आहेत असे समजावे. पोत्याच्या शिवणीत केसाळ अळ्या आणि त्यांच्या काती सापडल्यास तो खापरा भुंगेरा होय. उष्ण, कोरड्या हवेत तो विशेष फोफावतो आणि त्याची अळी भिंतीच्या भेगांत उपाशीपोटी दीर्घकाळ तग धरते. म्हणून जुन्या पोत्यात नवे धान्य भरणे हीच आपली सर्वांत महागडी काटकसर ठरते. पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवावीत, भेगा लिंपाव्यात आणि रिकाम्या कोठारात १ लिटर पाण्यात ५० टक्के प्रवाही मॅलाथिऑन हे कीटकनाशक १० मिली मिसळून भिंती व जमिनीवर फवारावे. धान्यावर मात्र ते कधीही फवारू नये.

तुरीची गोष्ट वेगळी आहे. मूठभर तूर तळहातावर घेऊन उन्हात पाहिल्यास काही दाण्यांवर डिंकाने चिकटवल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. ती कडधान्यातील भुंग्याची अंडी असून, भुंगा ती शेतातच शेंगांवर घालू लागतो, त्यामुळे कोठार कितीही स्वच्छ असले तरी कीड घरात येतेच. नुकसान दाण्यातली अळी करते. गोल छिद्र पाडून बाहेर पडलेला भुंगा धान्य खातच नाही, तेव्हा नुसते पाखडून भागत नाही. खाण्याच्या तुरीला किलोमागे ५ ते १० मिली शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल चोळावे, अथवा लवकर डाळ करून घ्यावी, कारण डाळीत हा भुंगा सहसा वाढत नाही.

दाणा दातांखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवावा, परंतु तापलेले धान्य लगेच भरू नये. रात्रभर निवल्यावरच भरावे, अन्यथा आत घाम धरतो. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतरावर लावावी. धान्याला धुरी देण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात मुळीच वापरू नयेत. त्यांचा वायू जीवघेणा असून हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावे आणि ऊब लागली, तर ते पोते त्याच दिवशी थप्पीतून वेगळे काढावे.