घरामागच्या जंगलात खाली काहीच उगवत नाहीये? गांडुळं आणि हरणांबाबत या चुका टाळा

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या बाजूला घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच जणांच्या मागे थोडंफार जंगल असतं, मेपल, बासवुड, ओक असं. आणि दोन-चार वर्षं गेली की तक्रार ठरलेली, मोठी झाडं छान आहेत, सावली आहे, पण खाली नुसती काळी माती, ना रानफुलं ना मेपलची रोपं. आमच्याकडेही हेच होतं आणि मी तीन वर्षं नेमकं उलटं करत बसले होते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक आपली मराठी लोकांची आहे आणि ती म्हणजे गांडूळ दिसलं की खूश होणं. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे आपण शाळेत पाठ केलंय आणि शेतात ते खरंच आहे. पण इथलं जंगल शेत नाही. शेवटच्या बर्फयुगात यातला बहुतेक भाग हिमनदीखाली होता, बर्फ हटून १० हजारांहून जास्त वर्षं झाली, आणि त्यानंतर इथे जी जंगलं उभी राहिली ती गांडुळांशिवायच उभी राहिली. आज जी दिसतात ती युरोपातली, तिकडून आलेल्या लोकांच्या झाडांच्या मुळांना चिकटून, जहाजात वजन म्हणून भरलेल्या मातीतून आलेली, आणि नंतर मासे पकडणाऱ्यांच्या डब्यांतून तळ्यातळ्यावर पोचलेली.

गांडुळं नसलेल्या मेपलच्या जंगलात पानं कुजवायचं काम मुख्यतः बुरशी करते, एकदम सावकाश. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या पानांचा एक मऊ स्पंजसारखा थर साचतो, काही ठिकाणी चांगला चार इंच जाड. रानफुलांचं बी त्यातच रुजतं, कोवळी मुळं त्यातच पसरतात, सॅलॅमँडर त्यातच राहतात, ओव्हनबर्ड नावाचा पक्षी त्याच पाल्यात जमिनीवर घरटं करतो. गांडुळं आली की काही वर्षांत हा थर खाऊन साफ, खालची माती घट्ट होते, अन्नद्रव्यं पावसाबरोबर खाली वाहून जातात आणि मेपलची मुळं उघडी पडतात. मिनेसोटातल्या चिपेवा नॅशनल फॉरेस्टमध्ये गॉब्लिन फर्न म्हणून एक इवलंसं नेचं आहे जे या थरातच जगतं, ते जिथून नाहीसं झालं तिथे रेड वर्म जातीची गांडुळं सापडली.

दुसरी चूक म्हणजे एकालाच गुन्हेगार ठरवणं. मी हेच केलं, सगळा दोष हरणांना दिला, कारण ती डोळ्यासमोर खाताना दिसतात आणि गांडुळं दिसत नाहीत. खरं म्हणजे दोघं मिळून जे करतात ते वाईट आहे. समजा आधी शंभर रोपं होती आणि हरणं त्यातली वीस खायची, तर ऐंशी उरायची. गांडुळांमुळे मुळात तीसच उगवली आणि हरणं तेवढीच राहिली, तर काय उरणार? त्यात ट्रिलियम या रानफुलासारखं झाड, ज्याला बियापासून पहिलं फूल यायला सात-सात वर्षं किंवा जास्तच लागतात आणि वर्षाला पानांचा एकच झुबका येतो, तो हरणाने एका घासात नेला की त्या वर्षाचं अन्न बनवणं संपलं, पुढच्या वर्षी झाड आणखी लहान. असं दोन-तीनदा झालं की ते दिसेनासं होतं.

उरतं काय, तर हरणांना फारसं न आवडणारं आणि घट्ट मातीत तगणारं. पेनसिल्व्हेनिया सेज नावाचं गवतासारखं झाड गालिचासारखं पसरतं. आणि जॅक-इन-द-पल्पिट, जे आपल्या सह्याद्रीतल्या सापकांद्याच्याच वंशातलं आहे, अळूसारखं खाजरं, ते टिकतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा पावसाळ्यातल्या घाटाची आठवण येऊन फार आनंद झाला होता, पण आजूबाजूला दुसरं काहीच नसेल तर तो चांगला संकेत नाही.

मग आपल्याकडे कोणाचा हात आहे हे कसं ओळखायचं? फांद्यांची टोकं बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे टोक ओढून फाटल्यासारखं दिसतं, सशाने खाल्लेलं असेल तर चाकूने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ. आणि सगळी झुडपं पाच-सहा फुटांखाली बोडकी असतील तर हरणंच. गांडुळांसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाला हाताने बाजूला करा, म्हणजे नवीन पानं पडायच्या आधी. खाली अर्धवट कुजलेले थर एकावर एक सापडले तर ठीक, पण एकदम उघडी माती आणि त्यावर विष्ठेच्या बारीक गोळ्या असतील तर गांडुळं पोचलीयत.

खात्री करायची तर मोहरीचं पाणी. एक गॅलन पाण्यात एक तृतीयांश कप पिवळ्या मोहरीची बारीक पूड, एक फूट बाय एक फूट जागेवर पाला काढून हळूहळू ओतायचं, गांडुळं चुरचुर होऊन वर येतात, मोजता येतात. इथे बऱ्याच जणांची चूक होते, त्यांना वाटतं हा मारायचा उपाय आहे. नाही, हे फक्त मोजायला आहे. जंगलातून गांडुळं काढून टाकायचा विश्वासाचा उपाय आज नाही, त्यामुळे कुठलंही विष, साबण, व्हिनेगर ओतू नका, बाकीचे किडेच मरतील. कोरड्या दिवसांत हे करूनही उपयोग नाही, गांडुळं खोल गेलेली असतात.

काढता येत नाहीत म्हणूनच नवीन आणू नका, हे मी हात जोडून सांगतेय. स्वतःहून गांडुळं वर्षाला जेमतेम पाच-दहा मीटर सरकतात, लांबच्या उड्या आपणच मारून देतो. मुलांना फिशिंगला नेलं आणि उरलेले नाइटक्रॉलर (गळाला लावायची मोठी गांडुळं) "बिचारे जगू देत" म्हणून काठावर सोडले, असं करू नका, झाकण लावून कचऱ्यात टाका. गांडूळखताचा डबा घरातच ठेवा. आणि मंडळातल्या मैत्रिणींमध्ये आपण जी पुदिना, अळू, शेवंतीची रोपं मातीसकट देतो ना, ती मुळं पूर्ण धुऊन द्या आणि तशीच घ्या.

कारण आता आशियातले जंपिंग वर्म, म्हणजे गांडुळांचाच एक प्रकार, तेही आलेत. विस्कॉन्सिनमध्ये २०१३ साली मॅडिसनच्या युनिव्हर्सिटी आर्बोरेटममध्ये ते सापडले. हात लावला की सापासारखे वळवळतात, अंगावरचा पट्टा दुधी पांढरा, सपाट आणि पूर्ण गोल असतो, नाइटक्रॉलरचा मात्र फुगीर आणि खोगिरासारखा. माती कॉफीच्या चोथ्यासारखी होते. थंडीत मोठे मरतात म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यांचे कोष मातीत हिवाळा काढतात. ते कोष साधारण ४० अंश सेल्सिअसला तीन दिवसांत मरतात, म्हणून कंपोस्ट विकत घेताना ते ५५ अंशांपर्यंत तापवलेलं आहे का हे दुकानात विचाराच.

राहिलं कुंपण. हरणांसाठी मोठ्या जागेला आठ फूट उंची लागते, पण दहा बाय दहा फुटांसारख्या छोट्या जागेला कमी उंचीची जाळीही चालते, आत उतरायला जागा दिसत नसली की हरीण सहसा उडी मारत नाही. आमची चूक अशी की कुंपण घातलं आणि पुढच्याच वसंतात फुलं येतील असं धरून बसलो. जमिनीत बी किंवा कंद उरलेच नसतील तर येणार कुठून? ट्रिलियमचं बी तर मुख्यतः मुंग्या नेतात, फार लांब जात नाही. म्हणून आत थोडी स्थानिक रोपं स्वतः लावा, नर्सरीतून मुळं धुऊन, आणि पडलेली पानं रेक करू नका, तिथेच राहू द्या. न्यूयॉर्कमध्ये वेस्ट पॉइंटच्या जंगलात कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कुंपणातले आणि उघडे प्लॉट असे ठेवून गांडुळंही मोजली, तिथेही प्रत्येक झाडाचं उत्तर वेगळं आलं, काहींना कुंपण पुरतं, काहींना नाही.

हरणांना मका टाकणं मात्र लगेच बंद करा, आम्ही पहिल्या हिवाळ्यात दया येऊन टाकत होतो. त्याने आजूबाजूची सगळी हरणं तुमच्याच रोपांवर येतात आणि एकत्र खाताना रोगही पसरतो. काही उपनगरांत धनुष्यबाणाने मर्यादित शिकार करू देतात, मला ही गोष्ट पचायला खूप जड गेली, पण लांडगे राहिले नाहीत तिथे हरणांची संख्या आपोआप कमी होत नाही हे आता मला पटलंय.

आमच्या जाळीत आता चौथं वर्ष आहे, ब्लडरूट या रानफुलाला फुलं आली, ट्रिलियमला अजून नुसती पानंच आहेत.