बेल्जियन यीस्ट, अमेरिकन हॉप्स: संकरित बिअर कशी चाखावी

बेल्जियन आयपीए (आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, एक ठसठशीत कडवट बिअर) या नावाने ओळखली जाणारी बिअर दोन वेगळ्या परंपरांतून घडली आहे. बेल्जियन पद्धतीत चवीचा मुख्य भार यीस्टवर असतो. तिथल्या यीस्टने तुलनेने उबदार तापमानात आंबवणी केली जाते आणि त्यातून पिकलेल्या फळांचे, तसेच लवंग-मिरीसारखे गंध निर्माण होतात. अमेरिकन पद्धतीत यीस्ट शक्यतो स्वच्छ आणि अबोल निवडले जाते व बोलण्याचे काम हॉप्सवर, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांवर, सोपवले जाते. संत्री, पपनस, पेरू, आंबा, चीडाचा राळ असे गंध त्या फुलांतून येतात. या दोहोंचा संकर चाखताना प्रत्येक गंधाला आणि प्रत्येक चवीला एकच प्रश्न विचारावा, तो म्हणजे हे यीस्टकडून आले की हॉप्सकडून. दोन्ही बाजू ओळखता येऊ लागल्या, की त्या एकमेकींशी जुळल्या आहेत की नाही, हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.

हा प्रकार फार जुना नाही. बेल्जियममधील आशूफ ब्रुअरीने 2006 च्या सुमारास हूब्लाँ शूफ ही 9 टक्के अल्कोहोलची बिअर काढली, तेव्हा तिने आपल्या ट्रिपलच्या, म्हणजे जोरदार सोनेरी बेल्जियन बिअरच्या, धाटणीत अमेरिकन अमरिलो हॉप्सला जागा दिली. उलट बाजूने कॅलिफोर्नियातील स्टोन ब्रुअरीने 2008 मध्ये कॅली-बेल्जिक आणली. तिचा मूळ आराखडा त्यांच्या नेहमीच्या आयपीएचा होता, बदलले होते ते यीस्ट. हे दोन मार्ग आजही चवीत वेगळे कळतात. बेल्जियन बाजूने आलेली बिअर फिकट सोनेरी, कोरडी आणि जोरकस फेसाची असते, तर अमेरिकन बाजूने आलेली अधिक कडवट आणि किंचित जड वाटते. पेला हातात घेतल्यावर ही बिअर कोणत्या वाटेने आली असावी, याचा अंदाज बांधून ठेवावा आणि पेला संपेपर्यंत तो तपासत राहावा.

बाटली निवडताना

बाटली घेताना सर्वप्रथम तारीख पाहावी. आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराचे वेगळे लेबल चिकटवलेले असते, म्हणून उत्पादनाची तारीख मूळ लेबलवर आणि त्या चिकटवलेल्या लेबलवर अशा दोन्ही ठिकाणी शोधावी. हॉप्सचा गंध काही महिन्यांतच ओसरू लागतो. जोरदार बेल्जियन बिअर मात्र बाटलीत तग धरून राहते, क्वचित सुधारतेही. त्यामुळे जुनी झालेली संकरित बिअर हळूहळू बेल्जियन बाजूला झुकत जाते, आणि ती चाखणारा मनुष्य बनवणाऱ्याने हॉप्सच कमी घातले असा चुकीचा निष्कर्ष काढतो. मुंबईच्या उष्म्यात ही झीज आणखी वेगाने होते. ज्या दुकानात बिअर थंड कपाटात ठेवलेली असते, तिथूनच ती घ्यावी. दर्शनी काचेमागे ट्यूबलाइटच्या उजेडात उभ्या असलेल्या हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या टाळाव्यात, कारण उजेडाने हॉप्समधील कडवट घटक फुटतात आणि त्यांतून एक उग्र, जनावराच्या अंगासारखा वास तयार होतो. तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते.

शहरात बाटलीखेरीज दुसरा मार्गही आहे. पुण्यात 2009 साली डूलालीपासून सुरू झालेली मायक्रोब्रुअरीची, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणांची, चाल आता मुंबईत लोअर परळ, अंधेरी अशा भागांत चांगली रुळली आहे. अशा ठिकाणी चव पाहण्यापुरता छोटा पेला मिळतो आणि बिअर बनवणारा हजर असेल, तर यीस्ट कोणते व हॉप्स कोणते हे थेट विचारता येते. हे प्रश्न चाखण्यापूर्वी विचारू नयेत, कारण उत्तर ऐकले की नाकाला तेच सापडू लागते. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी वयाची अट आणि परवाना दोन्ही लागू आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

स्वयंपाकघरातली पूर्वतयारी

परदेशी चाखणी-तक्त्यांतली फळे आपल्यापैकी अनेकांनी कधी हुंगलेलीही नसतात. त्यांच्या मागे लागण्यापेक्षा एका ताटात घरचेच नमुने मांडावेत. पिकलेले वेलची केळे, नासपतीची फोड, दोन लवंगा, किंचित भरडलेली काळी मिरी आणि धणे ही यीस्टची बाजू झाली. संत्र्याची ताजी साल, पपनसाची फोड, पिकलेला पेरू आणि गवती चहाची पात ही हॉप्सची बाजू. ही जुळणी केवळ कल्पनेची नाही. केळ्याच्या वासामागचे आयसोअमाइल अॅसिटेट हे संयुग यीस्टही तयार करते, आणि लवंगेची आठवण करून देणारे फिनॉल हे मसालेदार वासाचे संयुगही काही बेल्जियन यीस्टमध्ये आंबवणीच्या वेळीच निर्माण होते. बाटलीत लवंग घातलेली नसते. धणे मात्र दोन्ही बाजूंना बसतात, कारण धण्यांतील लिनालूल हॉप्समध्येही असते, आणि या विषयातील सर्वांत गमतीदार गोंधळ इथूनच सुरू होतो.

मुंबईत बेल्जियन चव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हूगार्डन येते. ती विटबिअर, म्हणजे गव्हाची बिअर, आहे आणि तिच्यात धणे व संत्र्याची साल प्रत्यक्ष घातलेली असते, त्यामुळे यीस्टचा स्वभाव शिकण्यासाठी ती योग्य नमुना ठरत नाही. ड्यूवेलसारखी 8.5 टक्क्यांची सोनेरी बेल्जियन बिअर किंवा एखादी ट्रिपल मिळाल्यास ती घ्यावी. दुसऱ्या बाजूसाठी शहरातल्याच एखाद्या मायक्रोब्रुअरीची ताजी अमेरिकन धाटणीची आयपीए उत्तम, कारण इथे आयात केलेल्या नावापेक्षा ताजेपणाला अधिक किंमत आहे.

खोली, पेला आणि ओतणे

चाखण्याची जागा गंधहीन असावी. दिवेलागणीला लावलेली उदबत्ती, फोडणी, तळले जाणारे सुकट आणि केसांतला मोगरा यांपैकी काहीही जवळ असले, तर नाजूक वासांची आशाच सोडावी. पेला ट्यूलिपच्या आकाराचा, नाही तर साधा वाइनचा घ्यावा, कारण वर निमुळत्या होणाऱ्या पेल्यात वास अडकून राहतो. स्टीलचा पेला किंवा फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास नको. धुतलेल्या पेल्यात बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले, तर पेल्यावर तेलकट थर राहिला आहे असे समजावे आणि तो पुन्हा धुवावा.

तापमानाबाबत आपल्याकडची सवय मोडावी लागते. बर्फासारखी थंड बिअर तहान भागवते, परंतु तिला वास उरत नाही. ही बिअर साधारण 8 अंशांवर सुरू करून 12-13 अंशांपर्यंत चाखावी. युरोपातल्या पुस्तकांत बाटली बाहेर काढून बराच वेळ थांबण्याचा सल्ला असतो. आपल्याकडे मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात तो पाळण्याची गरज नाही. फ्रिजमधून काढून थेट ओतावी, पेला तळव्यांत धरावा आणि ती स्वतःहून तापत जाताना थांबून थांबून चाखावी.

ओतताना पेला तिरका धरून सुरुवात करावी, अर्धा भरल्यावर तो सरळ करावा आणि दोन बोटे फेस येऊ द्यावा. बेल्जियन पद्धतीच्या अनेक बिअर बाटलीतच पुन्हा आंबवलेल्या असतात, त्यामुळे तळाशी यीस्टचा साका बसलेला असतो. पहिल्या पेल्यात तो येऊ देऊ नये, शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा. 330 मिलिलिटरची एक बाटली तिघांत वाटून घ्यावी. 9 टक्क्यांच्या अशा बाटलीत सुमारे 23 ग्रॅम अल्कोहोल असते, तर तेवढ्याच आकाराच्या 5 टक्क्यांच्या बाटलीत ते 13 ग्रॅमच्या आसपास असते. एकट्याने संपवण्याची घाई केली, तर दुसऱ्या बिअरपर्यंत नाक आणि निर्णयशक्ती दोन्ही थकतात. परतीच्या प्रवासासाठी स्वतःची गाडी आणू नये.

क्रम

आधी बेल्जियन, मग संकरित, त्यानंतर अमेरिकन आयपीए आणि शेवटी पुन्हा संकरित, असा क्रम मला सर्वांत उपयोगी वाटतो. हॉप्सचा कडवटपणा जिभेवर साचत जातो, त्यामुळे आयपीए आधी घेतली, तर पुढची प्रत्येक बिअर बोथट वाटते. संकरित बिअर दोनदा का, याचे कारण असे की पहिल्या वेळी तिच्यातले हॉप्स उठून दिसतात आणि आयपीएनंतर तीच बिअर चाखली की यीस्ट पुढे येते. मधल्या वेळेत साधे पाणी प्यावे आणि बिनमिठाचे कुरमुरे खावेत.

नाकाने, मग जिभेने

फेस थोडा बसला की दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. दीर्घ श्वास पहिल्याच वेळी घेऊ नये, कारण नाक लवकर सरावते. मग पेला हलकेच फिरवून, वर तळहात ठेवून क्षणभराने पुन्हा हुंगावे. सहसा हॉप्स आधी भेटतात, कारण आंबवणीनंतर थंड बिअरमध्ये टाकलेल्या हॉप्सचे तेलकट सुगंध अतिशय उडते असतात. अमेरिकेतील बहुतांश हॉप्स वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात पिकतात. 1972 मध्ये प्रसृत झालेल्या कॅस्केडपासून या फुलांना पपनसासारखा ओळखीचा गंध मिळाला, आणि पुढे सिमको, अमरिलो, सिट्रा यांनी आंबा, पेरू व चीडापर्यंत त्याचा विस्तार केला. हा पहिला लोट ओसरला की त्याखाली केळे, नासपती, लवंग, मिरी शोधावे. सापडत नसेल तर ताटातली लवंग हुंगावी, आपल्या मनगटाजवळ एक साधा श्वास घ्यावा आणि पेल्याकडे परत यावे.

काही गंध मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. यीस्ट हॉप्समधील जिरॅनिऑल या गुलाबासारख्या वासाच्या संयुगाचे सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करू शकते, आणि मग फुलांकडे झुकणारा, गवती चहाची आठवण देणारा वास येतो, जो केवळ हॉप्सनी किंवा केवळ यीस्टने आणला असे म्हणता येत नाही. संकर खरोखर झाला आहे याची ही सर्वांत चांगली खूण आहे, असे माझे मत आहे. ज्या बिअरमध्ये दोन्ही बाजू शेजारी शेजारी उभ्या असतात, पण अशी तिसरी गोष्ट काही सापडत नाही, तिला मी मिश्रण म्हणेन.

घोट मोठा घ्यावा, संपूर्ण जिभेवर फिरवावा आणि गिळल्यानंतर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. वासाचा मोठा भाग या मार्गानेच परत येतो. मग अंगाकडे लक्ष द्यावे. बेल्जियन पद्धतीत घातलेली साखर जवळजवळ पूर्ण आंबते, त्यामुळे अल्कोहोल वाढूनही बिअर हलकी आणि कोरडी राहते. हीच कोरडी बिअर कडवटपणा अधिक धारदार करते. गोडसर, कॅरॅमलसारख्या माल्टने (मोड आणून वाळवलेल्या धान्याने) तो झाकण्याचा प्रयत्न काही ब्रुअर करतात, पण मला त्यातून बहुधा चिकट, जडशीळ बिअर निघालेली दिसते.

खरी परीक्षा गिळल्यानंतर होते. हॉप्सचा कडवटपणा मेथीसारखा जिभेच्या मागच्या भागात रेंगाळतो, तर यीस्टच्या फिनॉलचा तिखट कोरडेपणा टाळूवर बसतो. दोन्ही प्रमाणाबाहेर गेले, की ते एकमेकांना वाढवतात आणि औषधाच्या बाटलीसारखी, दवाखान्याची आठवण करून देणारी चव उरते. या प्रकारातील बहुतेक फसलेल्या बिअर इथेच फसतात, कारण आयपीएइतके हॉप्स आणि ट्रिपलइतके बोलके यीस्ट एकाच वेळी पेलत नाही. जुळलेल्या बिअरमध्ये कडवटपणा पाचेक श्वासांत विरतो आणि मागे फळाचा वास राहतो. घशात येणारी ऊब चालते, जळजळ चालत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर तो बाटलीच्या वयाचा आणि साठवणुकीचा दोष आहे, पाककृतीचा नव्हे.

शेवटी बाटलीतला साका हलकेच हलवून उरलेल्या बिअरमध्ये ओतावा. यीस्ट वर येताच कडवटपणा गोलसर होतो आणि मिरीची धार वाढते. फरक कळण्यासाठी स्वच्छ बिअरचा एखादा घोट राखून ठेवावा.

सोबत काय खावे

खाणे चाखणी संपल्यावर आणावे. मालवणी मसाल्याचे झणझणीत कालवण या बिअरबरोबर टाळावे, कारण तिखटपणा, कडवटपणा आणि अल्कोहोल हे तिघेही एकमेकांची आग वाढवतात. रवा लावून तळलेले बोंबील उत्तम जातात, कारण जोरकस फेस तेल धुऊन काढतो आणि माशाची मऊ गोडी कडवटपणाला आवर घालते. त्याहूनही चांगली जोडी भाजणीच्या चकलीची आहे. भाजणीतले धणे-जिरे यीस्टच्या मसाल्याशी जुळतात, भाजलेल्या डाळींचा खमंगपणा माल्टला दुजोरा देतो, आणि दिवाळीनंतर डब्यात उरलेल्या चकल्यांसाठी याहून अधिक चांगला उपयोग मला माहीत नाही.

शक्य असल्यास त्याच तारखेच्या दोन बाटल्या घ्याव्यात आणि दुसरी फ्रिजच्या आतल्या भागात उभी ठेवून तीन-चार महिन्यांनी उघडावी. तिच्यातून पपनसाचा वास किती गेला आणि नासपती किती पुढे आली, हे पहिल्या दिवशीच्या टिपणाशी ताडून पाहावे. म्हणूनच ते टिपण चाखत असतानाच, यीस्ट, हॉप्स आणि दोन्ही अशा तीन रकान्यांत, तारखेसह लिहून ठेवलेले असावे.